जुनं ४ इंची पितळी रीळ उघडायचं आहे: खटका जाम, एका स्क्रूची खाच गेलेली

गळकरी_ठाणे

नमस्कार मंडळी. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून एक पितळी फिशिंग रीळ घेतलं आहे. अवस्था जशी आहे तशी लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

व्यास १०२ मिमी, म्हणजे ४ इंच. वजन ६४० ग्रॅम. दोन्ही बाजूंच्या चकत्या स्थिर, मधे ५ खांब, हँडल वाकड्या दांडीवर. मागच्या चकतीवर कोरलेलं आहे: ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ आणि त्याखाली ‘बॉम्बे’. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

अडचणी अशा: (१) रीळ फिरतं, पण खटक्याचा (फिरताना टिकटिक वाजणाऱ्या आतल्या कळीचा) आवाज नाही, मागचं बटण सरकतच नाही. (२) मागच्या चकतीच्या ५ स्क्रूंपैकी एकाची खाच पार गुळगुळीत. (३) फिरवताना कुठेतरी घासतं. (४) रिळाच्या पायाखाली (रॉडवर बसणाऱ्या पट्टीखाली) हिरवा कळंक, आणि कडेला नखाएवढा गुलाबी डाग. (५) मूठ पिवळसर पांढरी, तिला केसाएवढी चीर. हस्तिदंत असेल का?

पॉलिश करावं की नाही तेही सांगा. रीळ वापरायचं नाही, पण खटका वाजायला हवा.

चकाचक

ब्रासो आणि जुना गंजीफ्रॉक. अर्ध्या तासात आरसा. घाई असेल तर चिंच-मीठ.

कानस

चकाचकराव, देवघरातल्या समईला तुमचा सल्ला मान्य. या रिळाला नको, आणि कारण नुसतं ‘जुनेपणाची शान’ हे नाही.

चिंच-मिठातलं मीठ म्हणजे क्लोराइड. ते पितळेच्या बारीक छिद्रांत, खांबांच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात आतून हिरवी पूड काढतं. घासून लावायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताण दिलेल्या पितळेचं अमोनियाशी वैर आहे. हे धातुशास्त्रात आलं तेच आपल्याकडून: १९व्या शतकात इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा, हे कारण १९२१ साली नीट मांडलं गेलं. तुमच्या रिळाच्या कडा लेथवर दाबून वळवलेल्या आहेत, म्हणजे ताण आहेच. एकदा पुसल्याने तडकणार नाही, पण स्क्रूच्या भोकांत साचलेली पांढरी पॉलिश कुणी कधी धुऊन काढत नाही.

शिवाय असली रिळं बऱ्याचदा कारखान्यातूनच गडद रासायनिक रंग देऊन निघत. पाण्यावर चमकलेलं पितळ माशाला दिसतं, म्हणून. तो रंग घासला की गेला; नंतर कितीही काळं केलं तरी संग्राहकाला लांबून कळतं. पायाच्या खाली, जिथे रॉडचा पट्टा बसतो, तिथे कापसाचा बोळा थुंकीने ओला करून फिरवा. बोळा तपकिरी झाला आणि खाली एकसारखा गडद थर दिसला, तर मळ निघतोय आणि रंग शाबूत आहे. हसू नका, वस्तुसंग्रहालयांत थुंकी वापरतात. तिच्यातलं एन्झाइम मळ सोडवतं.

आता उघडायचं. घाई केली की पहिला बळी स्क्रू, म्हणून आधी पेचकस. बाजारातल्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं असतं. ते खाचेच्या वरच्या कडेवर जोर देतं आणि बाहेर उसळतं. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर होईतो ऑइलस्टोनवर घासा. खाचेत घातल्यावर ते तळापर्यंत गेलं पाहिजे, रुंदीला स्क्रूच्या डोक्याएवढं हवं, आणि हात सोडला तरी उभं राहिलं पाहिजे. पाचही खाचा सारख्या नसतात, तेव्हा दोन पेचकस घासावे लागतील.

मग तेल: केरोसीन ३ भाग, शिवणयंत्राचं तेल १ भाग. प्रत्येक स्क्रूच्या कडेला काडीने एक थेंब, रात्रभर. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर ३० सेकंद टेकवा, थंड होऊ द्या, पुन्हा थेंब. असं ३ दिवस. टॉर्चची ज्योत नको: पाय किंवा खांब कधीकाळी कथलाच्या सोल्डरने डागलेला असेल तर ते १८३ अंशांपासून वितळायला लागतं, आणि वरचा रंगही जातो.

उघडताना आधी स्क्रू किंचित आवळायच्या दिशेने दाबा, मग सैल करा. गंजाची पकड आवळताना सुटते. हँडलच्या दांडीचा मधला स्क्रू काही बनावटींत उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा तो न सुटला तर जोर वाढवण्याआधी दुसरी दिशा करून बघा. दांडी चौकोनी टोकावर अडकली असेल तर खाली पेचकस घालून उचकटू नका, चकतीवर चंद्रकोरीसारखा व्रण पडतो. दोन बाजूंनी दोन पातळ पितळी पाचरी सारख्या सरकवा.

एक पुठ्ठा घ्या, त्यावर रीळ ठेवून बाहेरून रेघ मारा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी खोचा. हे स्क्रू हाताने एकेका भोकात बसवलेले असतात. अदलाबदल झाली की एकाचं डोकं वर राहतं आणि दुसऱ्याचे आटे जातात. भोकाशेजारी बारीक टिंबं दिसली तर ती कारागिराची खूण समजा.

खाच गेलेल्या स्क्रूला ड्रिल नको. सोनाराच्या करवतीचं ०.४ मिमीचं पातं लावून जुन्याच खाचेत खोली वाढवा, ०.३ मिमी पुरते. डोक्याभोवती आधी कागदी टेपचे दोन थर, म्हणजे पातं घसरलं तरी चकती वाचेल.

दुसरा_गिअर

कानस यांनी तुरटी कशी सोडली? पितळात अडकलेला स्टीलचा स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळतो. १०० मिली पाण्यात २० ग्रॅम तुरटी, ६०–७० अंश, दीड-दोन दिवस.

कानस

मुद्दाम सोडली. तुरटी स्टील खाते, म्हणजे सगळं स्टील खाते. चकती अजून बंद आहे. आत खटका, त्याची स्प्रिंग, दात्यांचं चाक आणि मधला आस बसलाय. रीळ तसंच बुडवलं तर स्क्रूआधी पातळ स्प्रिंग जाईल. चकती सुटी झाल्यावर भोकात तुटका तुकडा उरला असेल तरच तुरटी, तीही चकतीवर दुसरा कुठलाच स्टीलचा भाग नसताना. बाहेरच्या रंगीत बाजूला नेलपॉलिशचे दोन हात देऊन मग बुडवायची, नाहीतर पितळ फिकट गुलाबी होतं. स्क्रूच्या तुकड्यातून बुडबुडे येत राहिले म्हणजे काम चालू आहे.

आणि लेथवाल्याकडे ‘नवा आटा मारून द्या’ म्हणून जाऊ नका. तो एम ३ हा मेट्रिक आटा मारेल. इंग्रजी रिळात १८८४ नंतर बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) आटे येऊ लागले; त्याआधीचे आणि पुढेही काही वर्षं कारखान्यागणिक वेगळे. ६ बी.ए. स्क्रू २.८ मिमी जाड, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५३. ४ बी.ए. ३.६ मिमी, पिच ०.६६. एम ३ हा ३ मिमी आणि पिच ०.५. दिसायला जवळचे, पण आट्याचा कोनही वेगळा: बी.ए. साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिक साठ. एम ३ जबरदस्तीने दोन फेरे बसतो आणि तिसऱ्याला पितळेचे आटे कातरतो.

टाइनकाठ

न्यूकॅसलहून. काळ आणि मूठ, एवढ्यावरच लिहितो.

‘सी.एस.एल.’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. ही सोसायटी लंडनला १८७१ साली निघाली, मुंबईची शाखा १८९१ ची, आणि १९३४ मध्ये नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’ झालं. तेव्हा अक्षरं खरी असतील तर रीळ १८९१ ते १९३४ मधलं. काळा घोड्याजवळची इमारत अजून त्याच नावाने ओळखतात. दुकानाने रीळ बनवलेलं नाही. बर्मिंगहॅम, रेडिचकडचे कारखाने ठोक माल बनवत आणि विकणारा आपलं नाव कोरून घेई. म्हणून कारखान्याचं नाव नसणं हा दोष नाही. हार्डी या नामांकित इंग्रजी कारखान्याचं असतं तर त्यांच्या गावाचं नाव ‘अ‍ॅलनविक’ आणि हातात रॉड धरल्याची खूण बहुधा दिसली असती.

अक्षरं खरी का ते १० पट भिंगाखाली बघा. जुन्या कोरीवकामाच्या कडा हाताळून गोलावलेल्या असतात आणि खोबणीच्या तळाशी चकतीएवढाच जुना काळा थर असतो. गडद चकतीवर पिवळीधमक खोबण आणि धारदार कडा दिसल्या तर नाव नंतर टाकलंय. फुली खाचेचा एकही स्क्रू सापडला तर तो १९३० च्या दशकातला किंवा नंतरचा.

मुठीला गरम सुई टोचायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका: ती सेल्युलॉइडची (जुन्या प्लॅस्टिकची) असली तर पेट घेते. अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळून लगेच वास घ्या. कापरासारखा वास म्हणजे सेल्युलॉइड, ज्याला विक्रेते ‘आयव्हरीन’ म्हणत. मग टोकाची बाजू भिंगाखाली: एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी म्हणजे हस्तिदंत, बारीक काळे ठिपके किंवा चिरा म्हणजे हाड, शाळेच्या वहीसारख्या सरळ समांतर रेषा म्हणजे नक्कल.

हस्तिदंत निघाला तर विकायचं नाव काढू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे. इकडे ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून बंदी लागू आहे. १९४७ आधीच्या, १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून सूट मिळते, पण त्यासाठी वस्तू मुळात इकडे यायला हवी. आणि मूठ कसलीही असो, १०० वर्षांवरची वस्तू भारताबाहेर पाठवताना पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो. लिलावात टाकायचा विचार असेल तर ते आधी विचारून घ्या.

गळकरी_ठाणे

सगळ्यांचे आभार. तीन दिवस तेल-गरम-तेल केलं, पाचही स्क्रू निघाले. खाच गेलेला शेवटी.

आत घट्ट, काळपट पिवळं ग्रीस, साबणासारखं. खटका मधोमध चिकटलेला आणि त्याची पट्टी-स्प्रिंग दोन तुकड्यांत. जाडी मायक्रोमीटरवर ०.४१ मिमी, रुंदी ५ मिमी. मूठ चोळल्यावर कापराचा वास आला, म्हणजे आयव्हरीन. घासण्याचं कोडं मात्र सुटलेलं नाही.

कानस

घासण्याचं कोडं काजळाने सुटतं. रीळ तात्पुरतं जोडा, आतल्या ड्रमच्या (दोरी गुंडाळायच्या भागाच्या) कडेला सगळीकडून काजळाचं बोट फिरवा, चार फेरे सावकाश फिरवा, उघडा. ड्रमवर एकाच जागचं काजळ पुसलं गेलं असेल तर ड्रम किंवा आस वाकलाय. ड्रमवर सगळीकडून पुसलं गेलं आणि चौकटीवर (स्थिर चकत्या आणि खांबांवर) एकाच जागी काळं लागलं, तर चौकट आत दबलीय. बहुतेक वेळा चौकटच दबलेली असते, कारण रीळ पडतं ते कडेवर.

चौकट असेल तर लाकडाचा गोल ठोकळा आतून टेकवा आणि लाकडी हातोडीने त्यावरच, बाहेरच्या दिशेने ठोका. एका ठोक्यात ०.२ मिमीहून जास्त नाही, प्रत्येक वेळी फीलर गेजने फट मोजून. ०.३ मिमी फट मिळाली की थांबा. पूर्ण गोल करायच्या नादात खांबांचे रिव्हेट हलतात. आणि पाय वाकडा किंवा कानशीने घासलेला असेल तर त्याला हात लावू नका. रॉडवर बसवण्यासाठी मूळ मालकांनी पाय घासणं सर्रास होतं. किंमत थोडी उतरते, पण थंड पितळ सरळ करताना मोडलं तर सगळीच उतरते.

ग्रीस रॉकेलने, लाकडी दातकोरणीने आणि मऊ ब्रशने. मूठ असलेली दांडी वेगळी ठेवा. अ‍ॅसीटोन मुठीजवळही नको.

मुंगळा

स्प्रिंगचं मी सांगतो.

जुन्या टाइमपीसची मुख्य स्प्रिंग कुठल्याही घड्याळजीकडे मिळते. ०.४ मिमीचीच शोधा. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाने वाढतो: ०.४ ऐवजी ०.५ घेतली की जोर जवळपास दुप्पट. मग खटका दाते खातो, आणि ते चाक पुन्हा मिळत नाही.

पट्टी लाल करून चुलीच्या कोरड्या राखेत सावकाश थंड करा, म्हणजे कात्रीने कापता येते. तुटके तुकडे कागदावर जोडून आकार उतरवा, पट्टी लांबीला २ मिमी जास्त ठेवा. भोक असेल तर ते आत्ताच पाडा, नंतर ड्रिल चालणार नाही. कडा आडव्या नाही, लांबीच्या दिशेने घासा. आडवा ओरखडा म्हणजे उद्याची चीर. जुनी पट्टी मोडली तिथे भिंगातून बघा, बहुधा भोकाजवळ किंवा अशाच ओरखड्यावर मोडलेली असेल.

वाकवून आकार आला की पाणी द्यायचं, म्हणजे तापवून-विझवून कडक करायचं. अंधाऱ्या कोपऱ्यात चेरीसारखी लाल होईपर्यंत तापवा आणि सरळ तेलात. साध्या पाण्यात विझवली तर एवढी पातळ पट्टी तडकते. आता ती काचेसारखी कडक आहे, वाकवून बघू नका. एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, लोखंडी पळीत पितळेचा कीस पसरून त्यावर ती ठेवा आणि खालून मंद आच. रंग फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा असा सरकत जातो. एकसारखा निळा झाला, साधारण ३०० अंश, की लगेच उचला. जांभळ्यावर उचलली तर मोडेल, राखाडी झाली तर वाकलेलीच राहील.

पाण्याचं कसब नको असेल तर फॉस्फर ब्राँझची पट्टी. गंजत नाही. पण आवाज जरा बसका येतो, आणि जाडी वाढवून बघावी लागते. मला स्टीलचा आवाज बरा वाटतो.

खटक्याचं नाकही बघा. काही रिळांत खटका दोन्हीकडून सारखा असतो. एक बाजू झिजली असेल तर उलटा बसवून निम्मं काम फुकट होतं.

नॉटिंगहॅम_वेडा

मधेच घुसतो, माफ करा. माझ्याकडे अक्रोडाच्या लाकडाचं, मागे चांदणीच्या आकाराचा पितळी पट्टा असलेलं रीळ आहे. जूनपासून ड्रम मागच्या चकतीला घासतोय, मेमध्ये मोकळा फिरत होता. पॉलिश पेपर मारू का?

कानस

अजिबात नको. लाकडाने पाणी घेतलंय. आत्ता घासलंत तर जानेवारीत एक मिलिमीटर खेळ दिसेल. मागचा पितळी पट्टा मुळात याचसाठी असतो, चकती वाकू नये म्हणून. ड्रम काढा, दोन्ही भाग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, पण पुडी लाकडाला टेकू न देता. सोनाराच्या काट्यावर दर ३ दिवसांनी वजन करा. सलग तीन वेळा वजन सारखं आलं की थांबा. ऊन, ओव्हन, हेअर ड्रायर नको, कडेच्या बाजूने चिरतं. जवसाचं तेलही नको; ते वाळून चिकट थर होतो आणि मग खरंच घासतं.

टाइनकाठ

गळकरी, मूठ सेल्युलॉइडची निघाली म्हणून एक महत्त्वाचं. जुनं सेल्युलॉइड विघटन होताना आम्लधर्मी वाफा सोडतं. मुठीच्या पितळी खिळ्याभोवतीच कळंक जास्त असेल तर तो तिथून आलाय. अशी मूठ हवाबंद डब्यात कोंडायची नाही. ठरलेला उपाय नाही; हवेशीर जागा, उन्हापासून लांब, आणि चिरेत गोंद घालायचा नाही.

कानस

आणि पायाखालच्या हिरव्याचं. दोन प्रकार असतात. मेणासारखा गडद हिरवा, नखाने निघणारा, तो जुन्या ग्रीसची पितळेशी झालेली युती: तेल आणि दातकोरणी, विषय संपला. फिकट हिरवी, कोरडी पूड असेल तर ती पुसून, तो भाग ओल्या कापसाच्या शेजारी (वर नव्हे) डब्यात २४ तास ठेवा. पूड पुन्हा आली तर आत क्लोराइड आहे. मग १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा २३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १९ ग्रॅम, त्यात फक्त पितळी भाग, आणि दर आठवड्याला पाणी बदलून काही आठवडे. वरचा रंग थोडा बदलू शकतो. म्हणून पूड खरंच परत येत असेल तरच.

गुलाबी डागातून जस्त निघून गेलंय, उरलंय ते तांबं. ते परत भरता येत नाही. घासलंत तर डाग पसरल्यासारखा दिसतो. राहू द्या.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात, १० मिनिटांनी सुती कपड्याने. नुसतं मांडायचं असलं तरी ड्रमवर नायलॉन ताणून गुंडाळू नका. ताणलेला नायलॉन आकसताना ड्रमच्या कडा बाहेर ढकलतो. चामड्याची जुनी पेटी मिळाली तर शेल्फवर शेजारी ठेवा, रीळ आत नको, चामड्यातलं आम्ल पितळ हिरवं करतं.

गळकरी_ठाणे

काजळ लावलं. ड्रमवर सगळीकडून पुसलं गेलं, चौकटीवर हँडलच्या विरुद्ध बाजूला एकच काळा पट्टा, १५ मिमी लांब. म्हणजे चौकट. स्प्रिंगची पट्टी उद्या घड्याळजीकडून आणतो. जोडताना खटक्यावर तेल की ग्रीस, आणि किती?

मुंगळा

दात्यांच्या चाकावर पांढरं लिथियम ग्रीस, मोहरीच्या दाण्याएवढं, तेही ब्रशने पसरून. खटक्याच्या पिनेवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने. खोबरेल चुकूनही नको, थंडीत गोठतं आणि मग जाम. स्प्रिंगवर काही नाही, फक्त तेलाचं बोट पुसून घ्या.